ग्रेपफ्रूटबद्दल कुणी विचारत नाही

महाराष्ट्रात कायद्याने दारू प्यायची तर परवाना लागतो. १९४९चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, आणि हायवेवर दर दोन किलोमीटरला दिसणारा 'परमिट रूम' हा शब्द त्याचंच लेकरू. गंमत म्हणजे त्या परवान्यावर पिण्याचं कारणही दिलेलं असतं: आरोग्य राखण्यासाठी. म्हणजे शुक्रवारी रात्री बाणेरच्या एखाद्या पबमध्ये बसलेली ठणठणीत माणसं कागदोपत्री प्रकृतीसाठी पीत असतात. (त्यातल्या बहुतेकांनी परवाना काढलेलाच नसतो, ते सोडा.)

निरोगी माणसाला प्यायला तब्येतीचं निमित्त लागतं. मग खरोखर आजारी असलेल्या माणसाने एक ग्लास घ्यायचा ठरवला, तर त्याने कोणतं निमित्त द्यायचं? आणि कुणाला?

पुण्यात असताना हा प्रश्न मला पडला नसता. गेली तीन वर्षं मी डब्लिनमध्ये नोकरी करते. माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणाऱ्या माणसाला सिस्टिक फायब्रोसिस आहे. तो चौतीस वर्षांचा आहे, बॅकएंड लिहितो, कोड रिव्ह्यूमध्ये जाम त्रास देतो, आणि गुरुवारी टीमबरोबर पबमध्ये येऊन दोन पाइंट गिनिज पितो. कधी तीन. त्याला विचारून लिहितेय. नाव नको, एवढंच तो म्हणाला.

आधी आजाराबद्दल, कारण आपल्याकडे डॉक्टर सोडले तर हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं. आपल्या पेशींच्या आवरणात मिठातला क्लोराइड आत-बाहेर सोडणारी दारं असतात. ती बनवण्याची कृती सीएफटीआर नावाच्या जनुकात लिहिलेली आहे. हे जनुक १९८९ साली सापडलं. दार म्हणजे १४८० अमिनो आम्लांची साखळी. बहुतेक सीएफ रुग्णांमध्ये त्यातलं ५०८ क्रमांकाचं आम्ल गळालेलं असतं, कारण जनुकातली फक्त तीन अक्षरं गायब असतात. मी कोड लिहून पोट भरते, त्यामुळे ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तीन कॅरेक्टर उडाली, सिस्टिम क्रॅश होत नाही, चालूच राहते, फक्त सगळीकडे चिकटा साचत जातो. फुप्फुसात कफ घट्ट होतो आणि त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, म्हणून जेवताना पाचक रसाच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. यकृतातल्या पित्ताच्या वाटाही तुंबू शकतात. घाम मात्र वाजवीपेक्षा खारट होतो. ज्या बाळाचा मुका खारट लागतो ते फार जगत नाही, अशी युरोपात जुनी समजूत होती. विज्ञानाला त्यामागचं कारण कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडून आली तरच आजार होतो. आयर्लंडमध्ये साधारण एकोणीस माणसांमागे एक जण अशी एक प्रत नकळत बाळगून असतो. लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वांत जास्त सीएफ इथेच आहे. भारतात हा आजार नाहीच असं पुष्कळ वर्षं मानलं गेलं. तो आहे, पण न्यूमोनिया, टीबी, 'मूल अंग धरत नाही' अशा नावांखाली लपलेला असतो.

१९५०च्या दशकात सीएफ असलेली मुलं शाळेत जाण्याच्या वयापर्यंतही क्वचितच पोचत. पुढे प्रतिजैविकं आली, फिजिओथेरपी आली, विशी आली, तिशी आली. माझ्या सहकाऱ्याच्या मोठ्या बहिणीलाही हाच आजार होता. ती एकवीस वर्षं जगली. शेवटची दोन वर्षं ती मनसोक्त प्यायली, नाचली, पहाटे घरी आली, आणि तिला कुणी एका शब्दाने बोललं नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, पोरीला काय ते दिवस मिळालेत, जगू द्या. हा तेव्हा शाळेत होता. त्याने मनाशी पक्कं केलं होतं की आपलंही असंच असणार. म्हणून त्याने पेन्शनचा फॉर्म भरला नाही, घर घेण्याचा विचार केला नाही, एका मुलीला लग्नाबद्दल 'बघू' म्हणत राहिला, शेवटी ती कंटाळून गेली.

मग गोळी आली. अमेरिकेत २०१९च्या ऑक्टोबरमध्ये ट्रायकाफ्टा नावाने मंजूर झाली, युरोपात २०२०च्या ऑगस्टमध्ये काफ्ट्रिओ या नावाने. ही गोळी त्या बिघडलेल्या दाराची घडी बऱ्यापैकी सरळ करते आणि दार उघडायला मदत करते. सगळ्यांना ती लागू पडत नाही. साधारण दहातल्या एकाचा बिघाड वेगळ्या जातीचा असतो आणि त्याला या गोळीचा उपयोग नसतो. पण ज्यांना लागू पडते त्यांच्यापैकी कित्येकांचा खोकला काही दिवसांत कमी झाला. हा सांगतो, पहिल्या आठवड्यात तो रात्री दचकून जागा झाला, कारण खोली फार शांत वाटली. त्याच्या स्वतःच्या श्वासाचा आवाज बंद झाला होता.

आणि इथेच माझ्या प्रश्नाला धार येते. बहिणीला सगळं माफ होतं, कारण तिच्यापुढे काही उरलं नव्हतं. याला आता काहीच माफ नाही, कारण याच्यापुढे बरंच काही आहे. त्याची आई रविवारच्या जेवणाला त्याचा ग्लास डोळ्यांनी मोजते. ऑफिसमध्ये कुणीतरी हसत हसत विचारतं, 'तुला चालतं का हे?' मरणाऱ्या माणसाला आपण जे स्वातंत्र्य देतो, ते त्याला जगायला मिळालं की काढून घेतो. हे मला फार विचित्र वाटतं. चूक आहे असं लगेच म्हणत नाही. विचित्र आहे.

दारू त्याला खरंच किती धोक्याची? याचं उत्तर गुंतागुंतीचं आहे. ज्यांचं स्वादुपिंड जन्मापासूनच निकामी झालेलं असतं त्यांना त्याला सूज येण्याची भीती फारशी नसते; सुजायला काही उरलेलंच नसतं. ज्यांचं थोडंफार शाबूत असतं त्यांना ती भीती जास्त, आणि दारू ती वाढवते. यकृतावर आजाराचा आधीच ताण असतो, त्यात या गोळीमुळेही यकृताच्या रक्तचाचण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात. काही प्रतिजैविकांबरोबर दारू अजिबात चालत नाही. क्रीम असलेली लिकर घेतली तर तिच्यात चरबी असते, म्हणून तिच्यासोबतही कॅप्सूल घ्यावी लागते. गिनिजला लागत नाही. (हे सांगताना त्याचा चेहरा एखाद्या कर सल्लागारासारखा होतो.)

सगळ्यांत गंभीर धोका मधुमेहाचा. सीएफ असलेल्या पुष्कळ प्रौढांना मधुमेह होतो, यालाही आहे, आणि तो इन्सुलिन घेतो. यकृत दारू निपटण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडण्याचं काम मागे पडतं. त्यामुळे पिऊन झाल्यावर काही तासांनी, गाढ झोपेत साखर एकदम खाली येऊ शकते. बरं, साखर उतरलेला माणूस अगदी प्यायलेल्या माणसासारखाच दिसतो. जीभ जड, पाय लटपटत, चिडचिड. आजूबाजूचे म्हणतात, झोपू द्या त्याला, चढलीय. यातच जीव जातो.

तर धोका आहे. पण आता दुसरी गोष्ट बघा. त्याच्या गोळीबरोबर ग्रेपफ्रूट खायचं नाही, रसही प्यायचा नाही, अशी स्पष्ट सूचना आहे. या फळातली काही द्रव्यं शरीरातल्या एका एन्झाइमला अडवतात आणि औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. सूचना अगदी सरळ आहे, तिच्यात 'माफक प्रमाणात' वगैरे भानगड नाही. आणि तरीही आजवर एकाही माणसाने त्याला रोखून बघत 'तू ग्रेपफ्रूट तर खात नाहीस ना?' असं विचारलेलं नाही. त्याने उद्या हॉटेलच्या नाश्त्याला ते खाल्लं तर कुणी म्हणणार नाही की बघा, सरकार याच्यावर एवढा खर्च करतंय आणि याला किंमत नाही.

म्हणजे आपण त्याच्या ग्लासकडे बघतो तेव्हा आपल्याला फक्त त्याच्या यकृताची काळजी असते, हे खरं नाही. त्यात आणखी काहीतरी मिसळलेलं असतं. ते मला ओळखीचं आहे. मी पुण्यातल्या एका साध्या घरातली मुलगी आहे. लग्नाकार्यात काका लोक गच्चीवर 'बसायचे' आणि त्यांच्या यकृताची चौकशी कुणी करत नसे. पण माझ्या हातात बिअरचा कॅन असलेला एक फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचला, तेव्हा आत्याने फोन करून तब्येतीला जपायला सांगितलं. तब्येतीला! काळजीची भाषा वापरून पहारा करणं आपल्याला फार सहज जमतं.

टॅलकॉट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५१ साली 'आजारी माणसाची भूमिका' अशी एक कल्पना मांडली. समाज आजारी माणसाला रोजच्या कर्तव्यांतून सूट देतो आणि त्याच्या आजाराचा दोष त्याला देत नाही. बदल्यात त्याने बरं व्हायची इच्छा धरायची आणि डॉक्टरांचं ऐकायचं. फ्लू झालेल्या माणसासाठी हा सौदा ठीक आहे, आठ दिवसांत संपतो. पण जो जन्मापासून आजारी आहे आणि आता सत्तरीपर्यंत जगू शकतो, त्याने हा करार किती वर्षं पाळायचा? त्याला कर्तव्यांतून सूटही नाही. तो आमच्याइतकंच काम करतो, आमच्याइतकाच कर भरतो, स्प्रिंट त्याच्यासाठी लांबत नाही. सवलत संपली आणि अट तेवढी शिल्लक राहिली.

पैशाचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. अमेरिकेत ही गोळी आली तेव्हा तिची छापील किंमत वर्षाला सुमारे तीन लाख अकरा हजार डॉलर होती. आयर्लंडमध्ये सीएफ हा दीर्घ आजारांच्या सरकारी यादीत आहे, त्यामुळे रुग्णाच्या औषधांचा खर्च सरकार उचलतं. पबमधून ट्रामकडे चालताना आमच्याच टीममधला एक जण मला म्हणाला, 'आपल्या करातून त्याची फुप्फुसं दुरुस्त होतायत, मग निदान त्याने जबाबदारीने वागावं.' या गृहस्थांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयातच झालं होतं, पाच-अ-साइड फुटबॉलमध्ये. ते पुन्हा खेळायला लागले तेव्हा कुणी त्यांच्याकडे कराचा हिशेब मागितला नव्हता.

पण याच मुद्द्याचं एक रूप मला खरंच छळतं. आपल्याकडे हाच आजार असलेलं, अशीच तीन अक्षरं गळालेलं एखादं मूल असेल. ही गोळी भारतातल्या बहुतेक घरांच्या आवाक्यात नाही. त्या मुलाच्या आईने डब्लिनच्या पबमधला हा माणूस पाहिला, तर तिला काय वाटेल? मी त्याला हे विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'मी हा ग्लास ठेवला तर गोळी तिच्या घरी जाणार असेल, तर आत्ता ठेवतो.' उत्तर तर्काला धरून आहे. अन्याय किमतीत आहे, पेटंटमध्ये आहे, त्याच्या पाइंटमध्ये नाही. तरी त्या आईपुढे हे वाक्य मला उच्चारता आलं नसतं. बरोबर असणं आणि बोलण्याजोगं असणं या दोन गोष्टी आहेत.

डेरेक पार्फिट नावाच्या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९८४च्या आपल्या पुस्तकात एक विचार मांडला होता. त्याचा सारांश असा, की फार पुढचा 'मी' हा काही बाबतींत दुसऱ्याच माणसासारखा असतो, त्यामुळे आज स्वतःची हेळसांड करणं हे पुढच्या कुणावर तरी अन्याय करण्यासारखं होऊ शकतं. सिगरेट ओढणाऱ्या पोराला हे सांगून फार फरक पडत नाही, पण इथे त्याला वजन आहे. २०१९पर्यंत या माणसाचं पंचावन्न वर्षांचं रूप अस्तित्वातच येणार नव्हतं. आता ते येणार आहे आणि याच्याच यकृतावर जगणार आहे. त्याचं काही देणं लागतं का? लागतं, असं मला वाटतं. पण ते देणं मोजायचा अधिकार माझ्याकडे किंवा त्या ट्रामवाल्या सद्गृहस्थाकडे कसा येतो, ते मला दिसत नाही. आणि पंचावन्नच्या माणसाचा विचार करताना चौतीसचाही करायला हवा. त्याने आयुष्यभर नळ्या, नेब्युलायझर, सुया यांच्या वेळापत्रकात दिवस काढले आहेत. गुरुवारचे दोन तास हा त्याच्या आठवड्यातला एकमेव भाग आहे, जिथे तो रुग्ण नसतो.

पब इथे काय असतं, हे आपल्या 'बार'वरून कळत नाही. आपला बार बऱ्याचदा काळ्या काचेआड असतो. इथल्या पबमध्ये आजी असते, फिडल वाजवणारा असतो, मयतानंतरची मंडळीही तिथेच येतात. २००४च्या मार्चमध्ये आयर्लंडने पबसकट सगळ्या कामाच्या ठिकाणी सिगरेट बंद केली. असं करणारा तो जगातला पहिला देश. त्याआधी सीएफच्या फुप्फुसांना आत पाऊल टाकणंच शिक्षा होती. म्हणजे त्याच्यासाठी हे दार बहिणीच्या वेळेपेक्षा थोडं अधिक उघडलेलं आहे.

तरी एक माणूस त्याच्या टेबलावर कधीच बसू शकत नाही: सीएफ असलेला दुसरा माणूस. त्यांच्या फुप्फुसांतले काही जंतू एकमेकांना फार घातक ठरतात, म्हणून सीएफच्या दोन रुग्णांनी एकाच खोलीत एकत्र बसू नये असा सल्ला असतो. जो त्याला न सांगता समजून घेईल, त्याच्याशी तो फक्त फोनवर बोलू शकतो. आपलं दुःख वाटून घेणाऱ्याबरोबर एक घोट घ्यायचा, ही पिण्याची सगळ्यांत जुनी सबब. ती त्याला कायमची नाकारलेली आहे. उरतो आम्ही, निरोगी लोक. मग आमच्यात बसताना त्याच्या हातात आमच्यासारखाच ग्लास असावा असं त्याला वाटतं, यात मला नवल वाटत नाही. तो शून्य अल्कोहोलवाली गिनिजही घेतो कधीकधी. दिसायला सारखीच दिसते, आणि तेवढ्यानेही काम भागतं, असं तो म्हणतो.

आणखी एक गोष्ट वाचली आणि 'निरोगी' हा शब्द लिहिताना हात थोडा थबकला. हंगेरीतल्या सेगेड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं, की भरपूर दारूमुळे सीएफ नसलेल्या माणसाच्या स्वादुपिंडातली सीएफटीआर दारंही नीट काम करेनाशी होतात. अति पिणाऱ्यांच्या घामातला क्लोराइडसुद्धा वाढलेला आढळला. म्हणजे त्याला जे जन्मतः मिळालं, त्याची छोटी आवृत्ती गच्चीवर 'बसलेले' काका स्वतःच्या हाताने तयार करत होते. तब्येतीची चौकशी मात्र माझी झाली.

एवढं सगळं बोलून मी कुठे येते? माझ्या मते तो कुणालाही पिण्याचा हिशेब देणं लागत नाही, पण दोन ठिकाणी खरं सांगणं लागतो: डॉक्टरांना, आणि रात्री त्याच्या आसपास असणाऱ्यांना. खरं मिळण्यासाठी मात्र ऐकणाऱ्यालाही काही करावं लागतं. आमच्या धंद्यात हे लवकर शिकवलं जातं. ज्या टीममध्ये सर्व्हर पडल्यावर 'कुणी केलं?' हा पहिला प्रश्न असतो, तिथे लोक लॉग पुसतात आणि पुढच्या वेळी सर्व्हर आणखी वाईट पडतो. म्हणून चांगल्या टीममध्ये पहिला प्रश्न असतो 'काय झालं?'. क्लिनिकमध्ये वर्षानुवर्षं तो आठवड्याचा आकडा निम्मा करून सांगायचा, कारण आधीच्या एका ठिकाणी खरा आकडा सांगितल्यावर त्याला पंधरा मिनिटं बहिणीची आठवण करून दिली गेली होती. त्या खोट्या आकड्यावर त्याचं इन्सुलिन ठरत होतं. त्याच्या ग्लासपेक्षा ही गोष्ट मला जास्त भीतीदायक वाटते.

आम्ही चौघांनी त्याच्याकडून साखर उतरल्याची लक्षणं शिकून घेतली. माझ्या पर्समध्ये आता ग्लुकोजच्या गोळ्या असतात, आणि तो तिसरा पाइंट मागवतो तेव्हा मी तोंड उघडत नाही, फक्त चिप्स मागवते. तो हे ओळखतो आणि मुद्दाम सगळ्या चिप्स संपवतो.

गेल्या महिन्यात त्याच्या क्लिनिकमध्ये नवी नर्स आली. तिने आठवड्याचा आकडा विचारला. तो म्हणाला, पाच पाइंट, कधी सात. तिने मान वर न करता तेवढं लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला: 'पिऊन आल्यावर झोपण्यापूर्वी साखर तपासतोस का? आणि काही खातोस?'